वासपेटी : नागपुरातल्या एका वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

हॉटेलात काम करायला शिकणाऱ्या माझ्या वर्गाचे वाइन विषयाचे सहामाहीचे पेपर आज तपासून संपले. ‘सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाच्या वाइनचे दोन ठळक वास सांगा’ या प्रश्नाला ३१ पैकी १९ मुलांनी ‘आवळा’ लिहिलं आहे.

उत्तर कुठून आलं ते लगेच कळलं. वरच्या वर्गाकडून खाली येणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये इंग्रजी पुस्तकातल्या ‘गूजबेरी’चं कुणीतरी मराठी केलंय. आवळ्याला इंग्रजीत ‘इंडियन गूजबेरी’ म्हणतात, म्हणून गूजबेरी म्हणजे आवळा. खरी गूजबेरी युरोपातल्या थंड हवेत काटेरी झुडपावर येते, हिरवी, उभ्या रेघांची. आवळ्याशी तिचं ना कूळ जुळतं ना वास.

मुलांचे गुण कापले, पण पेन खाली ठेववेना. मी सोळा वर्षं हा विषय शिकवते आहे आणि गूजबेरी मीही कधी हातात घेतलेली नाही. ब्लॅककरंट नाही, क्विन्स नाही. फळ्यावर ही नावं लिहायची, मुलांनी ती पाठ करायची आणि उद्या हॉटेलात पाहुण्यासमोर उभं राहून म्हणायची. यवतमाळ, भंडारा, गोंदियाहून आलेल्या मुलांना त्या नावांचा कसलाच वास येत नाही. चाखायला द्यावं तर मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, ते कायद्यातही बसत नाही.

वास देता येईल. नागपूरच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची एक पेटी करायची, एकेका बरणीत एकेक वास. प्रत्येक बरणीमागे कारण हवं. ‘साधारण असाच’ म्हणून काही ठेवायचं नाही. शक्य तिथे वाइनमधला आणि बरणीतला रेणू एकच असावा.

१७ नोव्हेंबर

विभागाकडून २,५०० रुपये मंजूर झाले. काचेच्या चोवीस बरण्या घेतल्या, धातूच्या झाकणाच्या. प्लास्टिकला स्वतःचा वास असतो, म्हणून टाळलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं चक्र तयार केलं. आत ढोबळ गट, बाहेर नेमकी नावं. वाइनबद्दल बोलताना ‘भारदस्त’, ‘नाजूक’ असे शब्द न वापरता ज्याचा नमुना समोर ठेवता येईल असे शब्द वापरावेत, हा त्यांचा आग्रह होता. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये फळाचा तुकडा, मिरीचा दाणा, वेलदोडा घालून वासाचे नमुने करायचे, अशी त्यांची पद्धत. आम्ही वाइनऐवजी कोमट पाणी किंवा नुसती वस्तू वापरणार.

चक्राच्या बाहेरच्या कड्यातले शब्द कॅलिफोर्नियातल्या स्वयंपाकघरातले आहेत आणि तिथल्या लोकांसाठी ते योग्यच आहेत. ते जसेच्या तसे नागपुरात आणून फळ्यावर लिहिणं ही आमची चूक.

२२ नोव्हेंबर

पहिली बरणी : काळी मिरी. इतवारीतल्या किराणा ओळीतून १०० ग्रॅम आणली. दुकानदार म्हणाला, “मॅडम, मसाल्याला का?” वाइन शिकवायला म्हटल्यावर त्याने निवडून ठसठशीत दाणे दिले.

शिराझच्या वाइनला मिरीचा वास येतो असं पुस्तकं फार पूर्वीपासून सांगत होती. तो कशामुळे येतो ते २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. रोटुंडोन नावाचा रेणू मिरीत असतो आणि तोच द्राक्षाच्या सालीत. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम असला तरी माणसाला जाणवतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश. त्याच अभ्यासात साधारण पाचांतल्या एकाला तो चाचणीतल्या सर्वांत मोठ्या प्रमाणातही जाणवेना. वर्गात हे सांगायलाच हवं. एखाद्याला मिरी जाणवत नसेल तर तो खोटं बोलत नसतो, त्याच्या नाकाला तो रेणू कळत नसतो. आमच्या बरणीवर मात्र ही परीक्षा घेता येणार नाही, कारण मिरीत इतरही बरेच वास आहेत आणि ते सगळ्यांना येतात.

शिराझ आणि सिरा हे एकच द्राक्ष. इराणच्या शिराझ शहरातून ते फ्रान्सला गेलं ही गोष्ट मीही वर्गात रंगवून सांगत आले आहे. जनुकीय तपासणीत या द्राक्षाचे आईबाप दोन्ही फ्रान्सचेच निघाले, द्युरेझा आणि माँद्यूज ब्लांश. माँद्यूज ब्लांश पांढरं द्राक्ष, म्हणजे या काळ्या द्राक्षाच्या पालकांपैकी एक पांढरा आहे. यापुढे इराणची गोष्ट दंतकथा म्हणूनच सांगायची.

ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातल्या थंड उतारांवर मिरी जास्त जाणवते. नाशिककडच्या उबदार शिराझमध्ये पिकल्या काळ्या फळाचा भाग मोठा आणि मिरी कमी.

३० नोव्हेंबर

दुसरी बरणी : ढोबळी मिरची, हिरवी, आजच चिरलेली. कॉटन मार्केटमधून आणली.

इथे रेणू अगदी तोच. मेथॉक्सिपायराझिन गटातला हा रेणू ढोबळीत असतो, कॅबरने सोव्हिन्योंमध्ये आणि सोव्हिन्यों ब्लांमध्येही. एक लिटर पाण्यात दोन नॅनोग्रॅम एवढासा असला तरी नाक पकडतं. मणी पिकत जातो तसा तो कमी होतो, घडावर ऊन पडलं तर आणखी. म्हणून कॅबरनेच्या पेल्यात ढोबळी मिरची फार जाणवली तर घड लवकर तोडले असतील किंवा पानांच्या गर्दीत सावलीत राहिले असतील, एवढा अंदाज बांधता येतो. बाग कशी सांभाळली ते पेल्यात उतरतं, हे मला या बरणीतून दाखवायचं आहे.

दोन्ही द्राक्षांत हा वास एकच का, त्याचं उत्तर १९९७ मध्ये डेव्हिसमधूनच मिळालं. कॅबरने सोव्हिन्यों ही कॅबरने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून झालेली जात. बोर्दोकडच्या कुठल्यातरी मळ्यात आपोआप झालेला संकर, कुणी ठरवून केलेला नाही. हिरवा वास दोन्ही घरांकडून वारशात आला.

मुलांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट याच कुळातली. चिलीमध्ये मर्लो म्हणून वाढवलेल्या वेलींत निराळीच वेल मिसळलेली होती. १९९४ मध्ये फ्रान्सचे द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी ती मळ्यात उभं राहून ओळखली. ती कार्मेनेर, बोर्दोतून जवळजवळ नाहीशी झालेली जात. तिलाही हाच हिरव्या मिरचीचा वास.

११ डिसेंबर

आवळ्याच्या जागी काय ठेवायचं, याचं उत्तर मिळालं. पेरू.

गोकुळपेठ बाजारात पेरूची टोपली समोर आली आणि मी तिथेच थांबले. बाटली उघडून ठेवली होती, नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांची. घरी येऊन अर्धा पिकलेला पेरू कापला आणि दोन्ही आलटूनपालटून हुंगले. गंधक असलेले काही वासाचे रेणू आहेत, थायॉल म्हणतात त्यांना. त्यांतलाच एक पेरूत असतो, पॅशनफ्रूटमध्ये असतो आणि सोव्हिन्योंच्या वाइनमध्येही. न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों जगभर ओळखली जाते ती बरीचशी याच गटाच्या जोरावर.

त्याहून महत्त्वाचं असं की हा वास द्राक्षाच्या रसात येत नाही. रसात तो दुसऱ्या रेणूला बांधलेला असतो, त्यामुळे नाकाला कळत नाही. किण्वनात यीस्ट ती गाठ सोडतं तेव्हा तो मोकळा होतो. म्हणजे वाइनच्या वासांचे निदान दोन जन्म झाले, काही वेलीवरचे आणि काही हौदातले. तिसरा लाकडात आणि बाटलीत होतो, तो पुढे घेऊ.

शेनिन ब्लांसाठीही पेरू चालेल, सोबत थोडा मध. लवार नदीकाठच्या वुव्ह्रे गावाची शेनिन कोरडी असते, गोड असते, फसफसणारीही असते. दक्षिण आफ्रिकेत तिला ‘स्टीन’ म्हणत. नाशिककडे ती रुजली कारण उबदार हवेतही ती आपला आंबटपणा बऱ्यापैकी टिकवून धरते.

वर्गातल्या भंडाऱ्याच्या मुलाला डोळे बांधून पेरूची बरणी दिली. “मॅडम, हा तं पेरू हाय.” मग विचारलं, सोव्हिन्यों ब्लांचा वास कसा? तो थोडा थांबला. “मंग तिचा वास पेरूसारखा.” परीक्षेत मला एवढंच उत्तर हवं होतं.

१९ डिसेंबर

पेरूची बरणी खराब झाली. आठ दिवस कपाटात राहिली आणि आज झाकण उघडताच नाकात सिरका गेला, वर नखरंगासारखा तीव्र वास. दर वेळी फळ ताजं आणायचं हे मला आधीच लिहून ठेवायला हवं होतं.

टाकून देणार होते, पण हीच बरणी ‘दोष’ विभागात ठेवली. वाइनला हवा लागली की ॲसिटिक जिवाणू अल्कोहोलचा सिरका करतात, सोबत नखरंगाचा वास देणारा एस्टरही तयार होतो. आमच्या बरणीत नेमकं तेच घडलं. दुसरा दोष बुचाचा. बुरशीमुळे बुचात एक रेणू तयार होतो, टीसीए नावाचा, आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. प्रयोगशाळेतल्या काकांनी खोक्याचा तुकडा भिजवून दोन दिवस झाकून ठेवला. नमुना उत्तम जमला. हॉटेलात बाटली परत घ्यायची की नाही हे ठरवताना मुलांना या दोन बरण्या सगळ्यांत जास्त उपयोगी पडतील.

९ जानेवारी

वर्गातल्या एका मुलीची आत्या नाशिककडच्या दिंडोरीला दिली आहे आणि त्यांचा वाइनच्या द्राक्षांचा मळा आहे. मुलीने फोन लावून दिला. तिचे आतोबा सव्वा तास बोलले, मी वहीची अकरा पानं भरली.

नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर, नागपूर २१ वर. जुन्या पुस्तकांत वाइनच्या द्राक्षांचा पट्टा ३० ते ५० अंशांत दाखवतात. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड होते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तीत काडी तयार होते आणि काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचे सूक्ष्मघड बसतात. पाऊस सरता सरता फळछाटणी, जिला ते गोडी छाटणीही म्हणतात. तोड जानेवारी ते मार्च, म्हणजे मणी भरतो तो थंडीच्या रात्रींत. फ्रान्समध्ये पानं गळलेल्या काड्या उभ्या असतात त्या महिन्यांत दिंडोरीत घड उतरवले जातात.

मी त्यांना विचारलं, “मणी कडक असतो आणि मग एका टप्प्यावर मऊ पडून रंग धरायला लागतो, त्याला काय म्हणता?” फ्रेंच शब्द आहे ‘व्हेरेझों’, मी आजवर वर्गात तोच शिकवला. ते म्हणाले, “ताई, त्याला आम्ही पाणी उतरलं म्हणतो. मण्यात पाणी उतरलं.”

फोन ठेवल्यावर मी ते तीन शब्द फळ्यावर लिहून ठेवले. डोळा, काडी, ओलांडा, घड, मणी, खुंट, पाणी उतरणे. वेलीची सगळी भाषा मराठीत आधीच आहे, रोजच्या वापरातली आहे, आणि आम्ही मुलांना ती बाजूला ठेवून फ्रेंच शब्दांची स्पेलिंगं घोकायला लावतो आहोत. मुलांनी फ्रेंच शब्दही शिकावेत, पाहुण्याशी बोलताना ते लागतील. पण आधी मराठी शब्द, त्यावर फ्रेंच.

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षातला फरकही त्यांनी छान सांगितला. खाण्याच्या द्राक्षाचे घड जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकात, बुडवून मणी फुगवायचा, साल पातळ, बी नको. वाइनला मणी बारीक, साल जाड आणि बी असलेला. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जेवढी जास्त तेवढं चांगलं. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच निघतो. सालीसकट आंबवलं तर लाल वाइन, साल लगेच बाजूला केली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी, थोडा वेळ ठेवली तर गुलाबी, म्हणजे रोझे.

तोड साखर बघून. साखर २२ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) असेल तर अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास येतं. ब्रिक्सला ०.५५ ने गुणायचं. मुलांना हे गणित द्यायचं.

आणि खुंट. दिंडोरीच्या त्या मळ्यात वेल डॉगरिज आणि ११० आर या जातींच्या खुंटांवर आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड अमेरिकेतून फ्रान्सला पोचली आणि मळेच्या मळे वाळले. शेवटी उपाय असा निघाला की मूळ अमेरिकन वेलीचं आणि वर डोळा युरोपियन जातीचा. आमच्या मुलांना हे समजावायला अवघड नाही. काटोलच्या बागेत संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात हे निम्म्या वर्गाने घरी पाहिलं आहे.

२ फेब्रुवारी

आज या प्रकल्पातला सगळ्यांत सुंदर दिवस.

आंबिया बहार फुलला आहे. कळमेश्वरच्या पुढे एका विद्यार्थ्याच्या काकांची संत्र्याची बाग, सकाळी सात वाजता आम्ही सहा जण तिथे पोचलो. गाडीतून उतरायच्या आधीच वास आला. खाली पडलेली फुलं दोन बरण्यांत गोळा केली, झाडावरचं एकही तोडलं नाही. बहार मोजूनच येतो.

संत्र्याच्या फुलात लिनालूल असतं. मस्कट द्राक्षात ठळकपणे तेच. मस्कट हे असं थोड्यांतलं एक द्राक्ष की ज्याच्या मण्याचा वास आणि वाइनचा वास एकच, यीस्टने गाठ सोडायची वाट पाहावी लागत नाही. इटलीतल्या आस्तीची गोडसर फसफसणारी वाइन याचीच. आमच्या मुलांना मस्कटचं वर्णन आता ‘संत्र्याचा बहार’ असं करता येईल.

त्याच फुलात मिथाइल अँथ्रानिलेटही असतं, आणि इथे माझा बरोबर उलटा धडा झाला. हा रेणू अमेरिकन वंशाच्या द्राक्षांत भरपूर असतो. काँकर्डमध्ये आहे, आणि आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बेंगलोर ब्लूचा ओळखीचा ‘द्राक्षाच्या सरबतासारखा’ वास येतो तो त्याच कुळातून. इंग्रजीत त्या वासाला कोल्ह्याचं नाव आहे आणि वाइनमध्ये तो उणेपणा मानतात. बागेत उभं राहून मुलांना हे सांगताना मलाच पटेना. तोच रेणू फुलात आला तर माणूस गाडी थांबवतो, पेल्यात आला तर पुस्तक नाक मुरडतं. मुलीने विचारलं, “मॅडम, मग तो चांगला की वाईट?” मी म्हटलं, वास ओळखणं आधी शिकू. कुठे कोणाला आवडत नाही, हे त्यानंतर शिकायचं आणि लक्षात ठेवायचं, कारण पाहुण्याला तेही सांगावं लागतं.

काकांनी डब्यात चहा आणि तर्री-पोहे आणले होते. बांधावर बसून नागपुरी संत्र्याच्या भौगोलिक मानांकनावर बोलणं निघालं, ते २०१४ मधलं. ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही तसंच मानांकन आहे. फ्रान्समध्ये बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. शाब्ली म्हटलं की शारदोने, सांसेर्रची पांढरी म्हटलं की सोव्हिन्यों ब्लां. मुलांना हे नेहमी अवघड जातं. काका म्हणाले, “बाजारात आपण नागपुरी म्हणतो, तेव्हा संत्राच समजतेत ना? जात कोण विचारते?” हा धडा मी आजवर इतक्या सोप्या शब्दांत कधी शिकवला नव्हता.

१८ फेब्रुवारी

लाकूड, यीस्ट, लोणी या तीन बरण्या एका दिवसात झाल्या. सुकं खोबरं आणि व्हॅनिला ओकच्या पिंपासाठी. खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकमधून जास्त येतो, स्पेनच्या रिओहात परंपरेने तेच पिंप. घरचं लोणी शारदोनेसाठी. मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू डायॲसिटिल सोडतात आणि लोण्यातही तेच. महाल भागातल्या बेकरीतून पहाटेचा गरम पाव आणला शँपेनसाठी. तिथे दुसरं किण्वन बाटलीतच होतं आणि मेलेल्या यीस्टवर वाइन मुरते. साल न लिहिलेली शँपेनही निदान १५ महिने तळघरात ठेवावी लागते.

१२ मार्च

वर्गाची पहिली पूर्ण चाचणी. सतरा बरण्या, नावं झाकलेली. पेरू, मिरी, ढोबळी, खोबरं सगळ्यांना आलं. संत्र्याचा बहार आता वाळला आहे, निम्म्यांना ओळखता आला नाही. तो फेब्रुवारीपुरताच ठेवायचा.

मनुकेच्या बरणीपाशी गडचिरोलीचा मुलगा बराच वेळ थांबला. मी ती शेरीच्या पेद्रो हिमेनेथसाठी ठेवली होती. स्पेनच्या दक्षिणेत या जातीची द्राक्षं उन्हात चटयांवर वाळवून मग रस काढतात, वाइन काकवीसारखी दाट आणि काळी होते. तो म्हणाला, “हे आमच्याकडच्या मोहासारखं हाय. वाळवलेल्या. आजी अंगणात पसरवते.” पुढच्या सुट्टीत आणतो म्हणाला.

त्याने आयुष्यात कधी शेरी पाहिलेली नाही, पण ऊन, वाळवण आणि दाट गोडवा यांची त्याने जोडलेली साखळी अचूक आहे. बरणी क्रमांक १८ त्याच्या नावाने राखून ठेवली.

२८ एप्रिल

एक नुकसान नोंदवायचं आहे. सीताबर्डीहून रिझलिंगची बाटली घेतली, स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि दुसरं काम करायला गेले. दोन तास. बाहेर ४४ अंश होतं. घरी आल्यावर बूच वर सरकलेलं, गळ्याशी चिकट ओघळ. आतली वाइन शिजलेल्या सफरचंदासारखी झाली होती. जपून वाढवलेली द्राक्षं, हजारो मैलांचा प्रवास आणि शेवटच्या दोन तासांत माझा निष्काळजीपणा. मुलांच्या वहीत पहिल्या पानावर लिहायला लावणार आहे की नागपुरात मार्च ते जून बाटली उन्हात, डिकीत, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायची नाही.

त्या निमित्ताने मदेरा शिकवलं. पोर्तुगालच्या त्या बेटावरची वाइन पिंपांतून उष्ण समुद्र ओलांडून भारतापर्यंत येई, आणि परत गेलेली पिंपं जास्त चवदार निघत. मग बेटावरच वाइन तापवायला लागले. आज तिथल्या टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने ठेवतात. नागपूरच्या मे महिन्याच्या दुपारीएवढं. तरी माझी रिझलिंग बिघडली आणि मदेरा बिघडत नाही, कारण मदेराला वरून मद्यार्क घालून आधीच बळकट केलेलं असतं, आंबटपणा फार उंच असतो, आणि त्यातले वास असे की उष्णतेने जायचे ते गेलेलेच आहेत.

संध्याकाळी विंकलरचा हिशेब मांडला. द्राक्षाचा प्रदेश किती उष्ण ते मोजायची, डेव्हिसचे अमेरीन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये दिलेली पद्धत. एप्रिल ते ऑक्टोबर रोजच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि बेरीज करायची. २,२२२ च्या वर गेलं की सर्वांत उष्ण गट. नागपूरची ढोबळ बेरीज चार हजारांच्या पुढे गेली. पण आपल्याकडे घड वाढतो ऑक्टोबर ते मार्च, तेव्हा हिशेबही त्याच महिन्यांचा हवा. तसा केला तर अडीच हजारांच्या आसपास. सूत्र दुसऱ्या देशाचं असेल तर त्यातले महिने आधी तपासायचे, हे मुलांकडून दोनदा करून घेतलं.

१६ जून

जांभूळ आलं. महात्मा फुले बाजारात सकाळी आठला टोपल्या लागल्या होत्या.

ब्लॅककरंटच्या जागी जांभूळ ठेवायचं की नाही यावर माझं चार महिने ठरत नव्हतं. वासाचा रेणू एक नाही, आणि मी पहिल्याच दिवशी स्वतःला नियम घालून दिला होता. आज ठरलं : वासाच्या बरणीत जांभूळ नाही. जांभूळ चवीसाठी. ते मुलांना खायला देता येतं.

प्रत्येकाने दोन जांभळं चावून बी टाकली आणि जीभ टाळूवर फिरवली. “खरखरीत झाली,” “जाड वाटते.” हाच टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना तो धरतो, लाळेचा बुळबुळीतपणा जातो. लाल वाइनमध्ये तो साल, बी आणि लाकडातून येतो. कॅबरनेत भरपूर, पिनो न्वारमध्ये कमी, इटलीच्या नेब्बिओलोत एवढा की रंग फिका दिसूनही जीभ वाळते. इंग्रजी पुस्तकात याला चव म्हणायचं की स्पर्श यावर अर्धं पान आहे. आमच्या मुलांना ‘तुरट’ हा शब्द पाळण्यापासून माहीत आहे. मग वर मीठ लावून जांभूळ दिलं, तुरटपणा उतरला. लाल वाइनसोबत खारवलेलं मटण का चालतं ते यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही.

गडचिरोलीच्या मुलाने आजीचा मोह आणला, वर्तमानपत्राच्या पुडीत. बरणी १८ भरली. चिठ्ठीवर त्याने स्वतः लिहिलं : ‘मोह, वाळवलेला. पेद्रो हिमेनेथ.’

जुन्या झेरॉक्स नोट्सचं ते पान आज नव्याने टाइप करून दिलं. ‘आवळा’ खोडून ‘पेरू’. खाली कारणासाठी दोन ओळी. पुढच्या वर्गाकडे आता हे पान जाईल.

उरलेल्या बरण्या : लिची गेवुर्झट्रामिनर या द्राक्षासाठी, या आठवड्यातच आणायला हवी, हंगाम संपत आलाय. दोघांतला गुलाबाच्या वासाचा रेणू एकच आहे. आणि पहिला पाऊस पडला की काळ्या मातीचं ढेकूळ.